पिवळ्या शिपायाची गैरहजेरी

विजयादशमीच्या सकाळी उत्तरपूजा आटोपून रणोजीरावांनी कॉम्प्युटर सुरू केला, नकाशा उघडला, आणि त्यांच्या लक्षात आलं की पिवळा शिपाई पहाऱ्यावर नाही.

शिपाई म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यात उभा असणारा पिवळा बाहुला. करंगळीच्या नखाएवढा. त्याला माउसनं उचलायचं, म्हैसूरच्या सरस्वतीपुरमातल्या आपल्या गल्लीत सोडायचं, की तो जिथं पाय टेकवील तिथलं सगळं डोळ्यांपुढं उभं राही. गेट, गेटाबाहेरचा दगडी कट्टा, त्यावर वाकलेली कण्हेर, आणि कट्ट्यावर बसलेली दोन माणसं. माणसांचे चेहरे नकाशावाल्यांनी पुसून टाकलेले. अकरा वर्षांपूर्वी डोक्यावर कॅमेरा घेतलेली एक मोटार गल्लीतून गेली होती, तिनं टिपलेलं हे चित्र. रणोजीराव रोज पहिल्या कॉफीबरोबर शिपायाला गेटासमोर उभा करत, चौफेर फिरवत, सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री करत आणि मग त्याला परत कोपऱ्यात नेऊन सोडत. खिडकी उघडली असती तरी तेच गेट दिसलं असतं. पण खिडकीतून आजचं दिसतं, आणि आजच्यावर रणोजीरावांचा विश्वास नव्हता.

विश्वास ही चीज त्यांनी एकूणच कमी ठेवली होती. तेहेतीस वर्षं ते हेब्बाळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, आणि त्या तेहेतीस वर्षांत गेटपासशिवाय एक नटसुद्धा बाहेर गेला नाही. खापरपणजोबा म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणे. रणोजीरावांच्या वाट्याला घोडा आला नाही, भाल्याचं एक पातं आलं आणि पहाऱ्याची सवय आली. घरी आलेल्या वर्तमानपत्राची पानं ते मोजून घेत. दूधवाल्याकडे पाहण्याआधी दुधाकडे पाहत. कॉम्प्युटर रोज उघडताना विचारी, 'नवीन आवृत्ती आली आहे, आता घेऊ का?' रणोजीराव रोज 'नंतर' दाबत. बोलावलं नसताना जो रोज दार वाजवतो तो पाहुणा नसतो, असं त्यांचं म्हणणं.

त्याला दुसरंही कारण होतं. आयुधपूजेला त्यांच्या घरी भाल्याच्या पात्याशेजारी पाटावर कॉम्प्युटर मांडायचा, त्याला गंध लावायचं, झेंडूची माळ घालायची, कोहळा फोडायचा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. आणि एकदा पुजलेलं आयुध मोडेपर्यंत बदलायचं नाही, ही घराण्याची रीत. धार लावा, मूठ बदलू नका. अकरा आयुधपूजा झालेल्या यंत्रात परक्यानं येऊन आतलं काहीबाही बदलून जावं, हे रणोजीरावांना भाल्याला प्लास्टिकची मूठ लावण्यासारखं वाटे.

असा तो पुजलेला, जपलेला, न बदललेला कॉम्प्युटर. आणि त्यातला शिपाई गायब. नकाशाच्या माथ्यावर एक बारीक पट्टी आली होती : तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, काही सोयी मिळणार नाहीत.

"गेटपास कुठाय?" रणोजीराव पडद्याला म्हणाले.

एरवी त्यांनी दोन दिवस धुसफुस केली असती आणि प्रकरण मिटलं असतं. पण भिंतीवर कपड्याच्या चिमट्याला कार्पोरेशनची नोटीस लटकत होती. तुमच्या गेटाबाहेरचा कट्टा गटाराच्या जागेत दीड फूट आला आहे. तो दहा वर्षांहून जुना असल्याचा पुरावा येत्या मंगळवारी स्थळपाहणीच्या वेळी दाखवावा, नाहीतर तिथल्या तिथे तोडण्यात येईल. नोटीस आली त्या दिवशी रणोजीराव हसले होते. पुरावा? पुरावा आमच्या यंत्रात शिपायाच्या ताब्यात आहे. येऊ दे मंगळवार. आता मंगळवार चार दिवसांवर आला होता आणि शिपाई पळाला होता. किंवा पळवला होता.

रणोजीरावांना 'पळाला' पेक्षा 'पळवला' हे क्रियापद नेहमीच जास्त विश्वासार्ह वाटे.

त्यांनी रजिस्टर काढलं. आयुधपूजेच्या दिवशी प्रसादाला कोण कोण आलं, कॉम्प्युटरपासून किती अंतरावर उभं राहिलं, सगळं आठवून लिहिलं. वरच्या मजल्यावरची भाडेकरू चैत्राली यंत्राला नमस्कार करताना हसली होती आणि तिचा हात माउसला लागला होता. ती हेब्बाळच्या मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत कामाला, साताऱ्याकडची, पुस्तकासारखं मराठी बोलणारी. इतकं स्वच्छ बोलणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे रणोजीरावांनी ती राहायला आली त्याच दिवशी ओळखलं होतं. शिवाय कट्ट्यामुळे तिला स्कूटर तिरकी काढावी लागे. हेतू स्पष्ट होता.

दुसरा संशयित शेजारचे नरसिंहमूर्ती. त्यांचा हेतू तर सहा वर्षं जुना. त्यांनी गेटासमोर सिमेंटचा रॅम्प बांधला, पावसाचं पाणी त्यावरून घरंगळत कट्ट्याखाली साचायला लागलं, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. पूजेला मात्र मूर्ती येत. भांडण असलं तरी प्रसादाला यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं आणि बोलायचं नाही, असा अलिखित करार होता. बाकीचं दळणवळण बायकांकडून चाले. भिंतीवरून इकडून कढीपत्ता जाई, तिकडून कॉफीची पूड येई. रणोजीराव त्याचीही नोंद ठेवत.

"आत कुंकू गेलं असेल," शांताक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. ती त्यांची बायको, आणि तिच्यावर संशय घेण्याचं त्यांनी एकोणचाळीस वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं, कारण ती सगळं आपण होऊनच सांगून टाके. "दरसाली मूठभर टाकता. देव तरी किती खाणार?"

चैत्रालीला बोलावण्यात आलं. म्हणजे चौकशीसाठी. तिनं पट्टी वाचली आणि समजावून सांगितलं, की काका, यात कुणी काही चोरलेलं नाही. नकाशावाले जुन्या यंत्रांना आता साधा नकाशा देतात, कारण नव्या करामती त्यांना झेपत नाहीत. अपडेट केलंत तर कदाचित येईल. आणि नाहीतर माझ्या फोनवर दाखवते ना, एका मिनिटात.

तिनं फोन पुढं केला, आणि रणोजीराव विंचू पाहिल्यासारखे मागं सरकले. संशयिताच्या फोनवरचा पुरावा? उद्या ती फोनमध्ये कट्टा पुसून ठेवील. "नको," ते म्हणाले. "आमचं आम्ही बघतो."

बातमी मात्र गल्लीभर झाली. समोरच्या पेन्शनर मास्तरांनी यंत्र रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. त्यांच्या जावयाचा फोन तसाच बरा झाला होता. कोपऱ्यावरच्या फुलवालीनं दृष्ट काढायला सांगितलं. नरसिंहमूर्ती भिंतीपलीकडे उभे राहून कण्हेरीच्या झाडाला म्हणाले, की आमच्या ऑफिसात असं झालं की सारं बंद करून दहापर्यंत आकडे मोजून पुन्हा चालू करत. कण्हेरीनं काही उत्तर दिलं नाही. रणोजीरावांनी आत जाऊन बंद केलं आणि वीसपर्यंत मोजले. मूर्तींच्या सल्ल्यावर तंतोतंत चालायचं नव्हतं म्हणून.

शिपाई आला नाही.

शनिवारी दुपारी शांताक्काच्या जुन्या शालीत कॉम्प्युटरचा डबा गुंडाळून रणोजीराव ऑटोनं अग्रहारात गेले. तिथं शरतचं दुकान होतं. शरतचा बाप टेलर, आजा टेलर, देवघरात विठ्ठल आणि दारात शिलाई मशीन असं ते घर. शरतनं अर्ध्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्ती काढली होती, पण हात शिंप्याचाच. स्क्रू काढायच्या आधी तो डब्यावर खडूनं खूण करी, आणि यंत्र आत घेताना गळ्यातली टेप सावरी.

रणोजीरावांनी आतल्या सुट्या भागांची यादी तीन प्रतींत करून नेली होती. शरतनं मुकाट्यानं सही केली. मग झाकण उघडलं.

आत अकरा वर्षांची आयुधपूजा होती. पिवळ्या पडलेल्या अक्षता, वाळून कागद झालेल्या झेंडूच्या पाकळ्या, कुंकवाचा गालिचा, कापराचा एक अर्धवट खडा, आणि पंख्याच्या सावलीत पालीची दोन रिकामी अंडी.

"मामा," शरत हळूच म्हणाला, "हे यंत्र नव्हे, गाभारा हाय."

ब्रशनं झाडताना त्यानं निदान सांगितलं. याला आता नवं चढत नाही. जुन्या कापडाला नवं अस्तर लावलं की अस्तर टिकतं आणि कापडच उसवतं, तसं. माप वाढलंय, कापड उरलं नाही. "नवीन घ्या मामा. सुम्ने, उगाच याच्यात जीव घालवू नका."

नवीन घ्या, असं विकणाऱ्यानं सांगावं आणि ऐकणाऱ्यानं ऐकावं! रणोजीराव स्टुलावर बसून त्याच्या बोटांवर नजर ठेवून राहिले. एकेक भाग यादीशी ताडून पाहिला, अक्षतांसकट सगळं पुडीत बांधून घेतलं, आणि घरी आले.

यंत्र झाडल्यामुळे हलकं झालं होतं, लगेच सुरू झालं. नकाशा उघडला आणि रणोजीराव उभेच राहिले. आता आकाशातून दिसणारं चित्रही गेलं होतं. नारळ नाही, पाण्याची टाकी नाही, मूर्तींची पांढरी गाडी नाही. मुंडन केलेल्या डोक्यासारखा गुळगुळीत नकाशा. पांढरे रस्ते आणि करडे चौकोन. पहिला करडा चौकोन त्यांचं घर. त्याच्यापुढं कट्टा नव्हता.

रणोजीरावांच्या मनात एकदम प्रकाश पडला. हे असं करतात तर! आधी नकाशातून तोडायचं, मग रस्त्यावर येऊन तोडायचं. कागद आधी, हातोडा नंतर, हे सरकारी कामाचं तंत्र त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. ते अनवाणीच बाहेर धावले. कट्टा जागेवर होता. त्यावर कण्हेरीची दोन फुलं पडली होती आणि एक मांजर झोपलं होतं. रणोजीरावांनी मांजराकडेही जरा रोखून पाहिलं, आणि तिथंच बसले.

ते उठले नाहीत. रविवार गेला, सोमवार गेला. जेवणापुरते आत जात, तेवढ्या वेळात शांताक्काला बसवत. शिपाई नाही तर मी पहारा देईन, हा बाणा. येणारे-जाणारे विचारत, तब्येत बरी नाही का, घरात काही झालं का, बाईंनी बाहेर काढलं का. या शेवटच्या प्रश्नानं घोडेस्वाराच्या वंशजाला जी जखम झाली ती फार खोल होती, पण पहारेकऱ्यानं बोलायचं नसतं. चैत्रालीनं स्कूटर तिरकी काढता काढता एक छत्री आणून दिली. रणोजीरावांनी ती आधी उघडून आत पाहिलं, मग डोक्यावर धरली.

सोमवारी संध्याकाळी शांताक्का त्यांच्याजवळ येऊन टेकली. तिच्या आईच्या तोंडी ओव्या असत, जात्यावरच्या. जातं गेलं, मिक्सर आला, मिक्सरच्या आवाजात गाता येत नाही, म्हणून ती आता बसल्या बसल्या गुणगुणे.

"दारीचा कट्टा माझा, गार दगडाची पाठ,
येणारीची जाणारीची, पाहतो गं बाई वाट.
दारीचा कट्टा माझा, दोघा बसाया पुरतो,
एकटा बसे कोणी, दगड मनात झुरतो."

"ही दुसरी कुठली?" रणोजीरावांनी संशयानं विचारलं.

"आत्ताच झाली," शांताक्का म्हणाली, आणि आत गेली.

मंगळवारी अकराला कार्पोरेशनचा इंजिनियर उपेंद्र आला. मागं हातोडेवाले दोघे, एकाच्या हातात टेप. तोवर रणोजीरावांनी वायरची लांबण गेटाबाहेर ओढून कॉम्प्युटर, पडदा, माउस सगळं कट्ट्यावर मांडून ठेवलं होतं. पुरावा जिथला तिथं. पडद्याला गंध लावलं होतं. गल्ली गोळा झाली. रणोजीरावांनी यंत्र सुरू केलं, आणि सगळ्यांनी वाकून एक करडा चौकोन पाहिला.

"सार, हे काय?" उपेंद्रनं विचारलं.

रणोजीराव सांगू लागले. मोटार, कॅमेरा, शिपाई, पळवापळवी, गुळगुळीत नकाशा. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ऐकू येत होतं की हे एखाद्या भ्रमिष्टाचं बोलणं वाटतंय, आणि ते जितकं सावरावं तितकं जास्त वाटत होतं. हातोडेवाल्यानं दांडा चाचपला.

उपेंद्रनं खिशातून स्वतःचा फोन काढला. तीन वेळा अंगठा फिरवला, वर्ष मागं नेलं. "हेच का?"

तेच होतं. गेट, कण्हेर, कट्टा. आणि कट्ट्यावर चेहरे पुसलेली दोन माणसं. एकाच्या हातात वर्तमानपत्र, दुसऱ्याच्या हातात कॉफीचा पेला, खांद्यावर लाल काठाचा टॉवेल. चार दिवस, एक ऑटो, अक्षतांची एक पुडी आणि छत्रीखालचा दोन दिवसांचा पहारा, हे सगळं ज्यासाठी, ते एका अनोळखी माणसाच्या खिशात आधीपासून होतं.

"कट्टा आहे खरा," उपेंद्र म्हणाला. "पण हे तुमचंच गेट कशावरून? बसलेले कोण?"

तेवढ्यात गर्दीतून नरसिंहमूर्ती पुढं आले. फोनवर वाकले, चष्मा वर केला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा कण्हेरीला मध्ये न घेता बोलले.

"हा टॉवेल माझा. मी आहे तो. पेपर वाचतायत ते हे रायरे, आमचे रणोजीराव. रोज सकाळी इथंच बसायचो आम्ही, मी पेला आणायचो, ते बातम्यांवर संशय घ्यायचे. लिहून घ्या साहेब, मी साक्षीदार. हा कट्टा माझ्या घरापेक्षाही जुना आहे."

"आयितु," उपेंद्र म्हणाला. काम संपल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर आलं. "कट्टा सुटला. सही करा सार."

रणोजीरावांनी पेन घेतलं. पण उपेंद्रची फाईल अजून मिटली नव्हती. त्यानं तक्रारीचा मूळ अर्ज काढून वाचायला घेतला, कारण एका घराची पाहणी झाली म्हणजे दुसऱ्याची सुरू करायची असते. 'सदर गल्लीत काही इसमांनी गेटासमोर रॅम्प बांधून सार्वजनिक जागा व्यापली आहे. तरी पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता, मोजणी व्हावी. आपला, एक जागरूक नागरिक.' अर्ज कार्बन लावून तीन प्रतींत केलेला. वर जावक क्रमांक, खाली 'प्रत माहितीसाठी'.

गल्लीत असा निनावी अर्ज, जावक क्रमांक घालून लिहिणारा एकच माणूस होता. शांताक्कानं डोळे मिटून घेतले. जूनमध्ये हे पत्र लिहिताना रणोजीरावांना आपण किती निःपक्षपाती आहोत याचं कौतुक वाटलं होतं. पहिल्या घरापासून! गल्लीतलं पहिलं घर कुणाचं, हे त्यांच्या रजिस्टरात नव्हतं.

मूर्तींनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला, एवढंच.

"दुसरं घर," उपेंद्र म्हणाला, आणि फोनवरचं चित्र बोटांनी मोठं केलं. "इथं रॅम्प दिसत नाही. तीन पायऱ्या दिसतायत. म्हणजे रॅम्प नवा." हातोडेवाले तिकडे वळले.

त्याच वेळी मूर्तींच्या गेटातून त्यांची बायको वाणी बाहेर आली. हातात पाहुण्यांसाठी कॉफीचा ट्रे. कठड्याला कोपर टेकत, एकेक पाऊल आडवं टाकत ती रॅम्पवरून उतरू लागली. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन रणोजीरावांना ठाऊक होतं. ते कधी झालं तेही ठाऊक होतं, सहा वर्षांपूर्वी. फक्त या दोन नोंदी त्यांनी शेजारी शेजारी कधी मांडल्या नव्हत्या. गाडीसाठी बांधलाय, असंच त्यांनी धरलं होतं, कारण संशयाला गुडघे सुचत नाहीत, गाडीच सुचते.

पेन त्यांच्या हातात तसंच होतं.

"थांबा," रणोजीराव म्हणाले. "या फोटोवर माझा विश्वास नाही."

उपेंद्रनं मान वर केली.

"चेहरे पुसलेत. पुसले कुणी? का? ही गल्ली आमचीच कशावरून? लाल काठाचा टॉवेल म्हैसुरात दहा हजार लोक वापरतात. आणि हा फोन तुमचा. इंजिनियरच्या फोनवरचा पुरावा घरमालकानं का मानावा?" तेहेतीस वर्षांचा स्टोअरकीपर आता रंगात आला होता. "पुरावा देईन तो माझ्या यंत्रावर. पुजलेल्या. लिहून घ्या."

"अहो सार, मग तुमचा कट्टा पण जाईल."

"अय्यो, जाऊ दे ना," रणोजीराव म्हणाले. "म्हणजे, जाईल तर दोन्ही जाईल. एकाच फोटोनं एक तारायचं आणि एक मारायचं, असं माझ्या स्टोअरात चालत नाही."

उपेंद्रनं कट्ट्याकडे पाहिलं, रॅम्पकडे पाहिलं, ट्रे सावरत पोचलेल्या वाणीकडे पाहिलं. तिच्या हातून पेला घेतला. मग उभ्यानंच शेरा लिहिला : उपलब्ध छायाचित्रास पहिल्या घराच्या मालकाची हरकत. सदर मालकाने स्वतःच्या कॉम्प्युटरवर छायाचित्र दाखवल्यावर पहिल्या व दुसऱ्या घराचा एकत्रित निर्णय घ्यावा. तोवर दोन्ही बांधकामे जैसे थे. पुढील तारीख तीन महिन्यांनी.

तीन महिन्यांनी उपेंद्र आला. यंत्र कट्ट्यावर मांडलं गेलं, करडा चौकोन उघडला, सगळ्यांनी तो आदरानं पाहिला, कॉफी झाली, पुढची तारीख पडली. त्याच्या पुढच्या खेपेला शरतला बोलावणं गेलं. त्यानं गळ्यातल्या टेपनं यंत्राचं माप घेतल्यासारखं केलं आणि लेखी दिलं, की यात नवं काही बसत नाही.

आयुधपूजेला सगळ्यांत मोठी झेंडूची माळ मूर्तींकडून आली. ती नीट बसावी म्हणून मूर्ती पाटाशी वाकले, तेव्हा रणोजीरावांनी त्यांच्या हातांवर नजर ठेवली. सवयीनं.

उत्तरपूजेच्या सकाळी दोघं पडद्यासमोर बसले होते. यंत्र घरघरत जागं झालं आणि त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, नवीन आवृत्ती आली आहे, आता घेऊ का? रणोजीरावांनी चष्मा पुसला.

"रायरे," मूर्ती घाबरून म्हणाले, "जपून. भलतीकडे बोट गेलं तर शिपाई परत येईल."

रणोजीरावांनी माउस त्यांच्याकडे सरकवला. मूर्तींनी दोन्ही हातांनी धरून 'नंतर' दाबलं. मग एकानं पेपर घेतला, एकानं पेले, आणि दोघं कट्ट्यावर पहाऱ्याला गेले.